गरम होते, पण नेमकी कधी?

प्रश्न : वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी मी दोन वर्षांपूर्वी पुन्हा रस्त्यावर आणली. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत ती बिनतक्रार चालते, पण सासवडला जाताना दिवे घाटात निम्म्यावरच काटा लाल खुणेला टेकतो. वॉटर पंप नवा टाकला. मेकॅनिकने थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला. तरी फरक नाही. आता तो इंजिन उघडायचं म्हणतोय. उघडू द्यावं का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : ताई, इतक्यात नको. ‘गर्दीत बिनतक्रार’ या तुमच्या दोन शब्दांत निम्मं निदान आहे.

गर्दीत गाडीला वारा लागत नाही, सगळी भिस्त फॅनवर असते. तिथे काटा जागेवर राहतो, म्हणजे फॅन आणि बेल्ट ठीक आहेत. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन कितीतरी जास्त उष्णता तयार करतं आणि तिथे तुमचा रेडिएटर कमी पडतो. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं भरलं असेल तर नळ्यांत क्षार बसलेला असणार. गाडी गरम करून बंद करा आणि जाळीवर जपून हात फिरवा. मध्येच गार पट्टा लागला, तर तिथून पाणी जात नाही. रेडिएटरवाल्याकडून टाकी सोडवून नळ्यांत सळी मारून घ्या. नुसतं वरवर धुऊन भागत नाही.

त्याआधी खालचा होज, म्हणजे रेडिएटरच्या तळाकडून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी पाहा. पंप त्यातून पाणी ओढतो. रबर मऊ पडलं असेल तर रेस वाढवल्यावर तो होज चपटा होतो आणि पाण्याची वाटच बंद होते. बॉनेट उघडून कुणाला तरी रेस द्यायला सांगा, डोळ्यांनी दिसेल.

हे मी कळवळून लिहितोय. १९९१ साली खंबाटकी घाटात माझ्या फियाटने अशीच वाफ सोडली आणि मी घाईने तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं. तुमच्या-माझ्या या इंजिनाचा ब्लॉक (खालचा मुख्य भाग) बिडाचा, हेड (त्यावरचं झाकण) ॲल्युमिनियमचं. हेड वाकलं, दोन्हींमधलं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी पट्टी, उडालं. मूळ दोष निघाला त्या खालच्या होजमध्ये. तेव्हा घाटात काटा चढलाच तर गाडी बाजूला घ्या, इंजिन पूर्ण निवू द्या, तोवर झाकणाला हात लावू नका.

तिसरी जागा टायमिंगची, म्हणजे प्लगची ठिणगी कधी पडते त्याची. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काची) टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं. मग जळण उशिरा होतं आणि ती उष्णता पाण्यात उतरते. घाटात गाडी ओढत नाही असंही वाटत असेल, तर आधी हेच तपासा.

थर्मोस्टॅट मात्र परत बसवा. तो काढला की इंजिन थंडीत नीट तापत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि झिजतं. बसवण्यापूर्वी पातेल्यात उकळून बघा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. व्हॉल्व्ह त्याच्या बराच आधी उघडायला हवा. रेडिएटरचं झाकणही नवं घ्या. दर पौंड दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंश वर जातो, ढिल्या स्प्रिंगचं झाकण तो दाब धरत नाही.

इंजिन कधी उघडायचं? सकाळी गार गाडीचं झाकण काढून स्टार्ट करा. पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले किंवा ऑइल दुधाळ दिसलं, तर गॅस्केट गेलं असं समजा. तेव्हा हेड उतरवून फेसिंग करून, म्हणजे त्याचा तळ सपाट करून घ्यावा लागेल.

प्रश्न : जुन्या गाडीत कूलंट घालावं की नळाचं पाणीच बरं?
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : कूलंटच घाला, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं. ते गंज रोखतं आणि उशिरा उकळतं. फक्त आधी सगळं जुनं पाणी काढून, स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत रेडिएटर आणि ब्लॉक धुऊन घ्या. पहिल्या आठवड्यात होजचे क्लिप रोज बघा, कारण जुन्या सांध्यांतून कूलंट लवकर झिरपतं.