१५ वर्षांच्या मुलाला क्रोन्स (आतड्याला सूज येण्याचा जुनाट आजार) आहे, हल्ली चिडचिड करतो, अभ्यासात लक्ष नाही. हे आजारामुळे का वयामुळे?

दोन्ही असू शकतं, पण "वयच तसं असतं" म्हणून सोडून देऊ नका. आतड्याला सूज असली की टीएनएफ-अल्फा, आयएल-६ असले सूज वाढवणारे पदार्थ रक्तात वाढतात आणि त्यांचा परिणाम मेंदूपर्यंत जातो, म्हणजे थकवा, झोप उडणं, कशातच मन न लागणं, आणि घरचे म्हणतात आळशी झालाय.

आधी गोळ्या बघा. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी, चालू आहे का? स्टेरॉइडने मूड पार वरखाली होतो, झोप जाते, वर चेहरा सुजतो, पिंपल्स येतात, आणि १५ व्या वर्षी वर्गात तो चेहरा घेऊन बसायचं म्हणजे काय ते त्यालाच माहीत. पण गोळी मनाने बंद करू नका हां, ती हळूहळू आणि डॉक्टरांना विचारूनच कमी करतात. रक्तातलं हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), व्हिटॅमिन बी-१२ आणि डी तपासून घ्या, क्रोन्समध्ये लहान आतड्याचं शेवटचं टोक बिघडलेलं असलं तर बी-१२ नीट शोषलंच जात नाही आणि मग डोकं जड, लक्ष लागत नाही.

शाळेत टीचरशी बोलून न विचारता टॉयलेटला जायची परवानगी घ्या, निम्मं टेन्शन तिथलंच असतं. अमेरिकेत पिट्सबर्गच्या इव्हा सिगेथी यांनी अशाच मुलांवर सीबीटी नावाचं, विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन वापरून बघितलं, डिप्रेशन कमी झालं. दोन आठवडे उदास दिसला तर मानसोपचारतज्ज्ञ गाठाच, जीव नको वगैरे बोलला तर त्याच दिवशी, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ फुकट आहे, मराठीतही बोलतात.