तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : यावेळी सगळं घोड्यांवरच

मागच्या अंकात एका उत्तरात हिप्पोथेरपीचा, म्हणजे घोड्याच्या चालण्याचा उपचारासाठी वापर करण्याचा, नुसता ओझरता उल्लेख केला, तर यावेळी बहुतेक पत्रं त्याच्यावरच आली. मग म्हटलं चला, अख्खा कॉलम घोड्यांना देऊन टाकू. पत्रं मोठी होती, प्रश्नापुरती छाटून घेतलीयेत.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी 6 वर्षांची आहे, सेरेब्रल पाल्सी (सीपी, मेंदूतल्या इजेमुळे हालचाली आणि तोल बिघडतो तो आजार) आहे. दोन्ही पाय आवळलेले असतात, वॉकर धरून थोडं चालते. एका नातेवाइकांनी सांगितलं घोड्यावर बसवा, चालायला लागेल. पण चालणार घोडा, मग माझ्या मुलीला चालणं कसं येणार?

तुमची शंका अगदी रास्त आहे, आणि गंमत म्हणजे तिचं उत्तर त्या घोड्याच्या चालण्यातच आहे. घोडा हळू चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली आणि डावी-उजवीकडे अशी एकाच वेळी हलत असते, आणि वर बसलेल्या माणसाच्या कंबरेला साधारण तसेच हेलकावे बसतात जसे आपण स्वतः चालताना बसतात. मिनिटाला शंभराच्या आसपास पावलं धरा, म्हणजे अर्ध्या तासात दोन-तीन हजार वेळा तिचा तोल थोडासा जाणार आणि तिचं धड तो परत सावरणार. मॅटवर एवढ्या वेळा तोच व्यायाम करून घ्यायचा म्हटलं तर मूल रडेल आणि फिजिओही थकेल, घोड्यावर मात्र मुलांच्या ते लक्षातही येत नाही. शिवाय पाय दोन्ही बाजूंना सोडून बसल्यामुळे मांड्यांच्या आतल्या बाजूचे आवळलेले स्नायू ताणले जातात, आणि घोड्याचं अंग आपल्यापेक्षा किंचित गरम, 38 डिग्रीच्या आसपास, ती ऊबही कामाला येते.

2003 साली एक छोटासा अभ्यास झाला होता, तो मला फार आवडतो. सीपी असलेली 15 मुलं घेतली, काहींना 8 मिनिटं घोड्यावर बसवलं आणि काहींना तेवढाच वेळ एका पिंपावर, तसंच पाय दोन्हीकडे टाकून. घोड्यावरच्या मुलांच्या डाव्या-उजव्या स्नायूंमधला फरक कमी झाला, पिंपावरच्यांमध्ये तसं काही खास दिसलं नाही. म्हणजे नुसतं तसं बसण्यात काही नाही, जे आहे ते घोड्याच्या हलण्यात आहे.

आता दुसरी बाजू. 15 मुलं म्हणजे काही फार नाहीत, आणि या विषयातले बरेचसे अभ्यास असेच लहान आहेत. बसण्याचा तोल, धडावरचा कंट्रोल, काही मुलांमध्ये उभं राहणं-चालणं थोडं सुधारतं इतपत दिसतं, पण "चालायला लागेल" असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. रोजची फिजिओ, स्प्लिंट (पायाला आधार देणारी पट्टी), जे चालू आहे ते चालूच ठेवायचं, हे त्याच्या जोडीला.

अजून एक, घोड्यावरच्या उपचाराच्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. हिप्पोथेरपीमध्ये फिजिओ, ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं जमवायला शिकवणारे) किंवा स्पीच थेरपिस्ट स्वतः हजर असतात आणि घोड्याचं हलणं उपचारासाठी वापरतात, मुलाला लगाम वगैरे काही सांभाळायचं नसतं. थेरप्युटिक रायडिंगमध्ये ट्रेनर असतो आणि मूल खरंच घोडेस्वारी शिकतं, फक्त त्याला झेपेल तशी. तुमच्या लेकीसाठी आधी पहिलं बघा, दुसरं पुढे कधीतरी. आणि जायच्या आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना खुब्याचा एक्सरे दाखवा, सीपीच्या मुलांचा खुबा हळूहळू सरकलेला असू शकतो आणि घरी ते कळतही नाही.

प्रश्न : आमच्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे. एका ठिकाणी चौकशी केली, त्यांनी काहीच विचारलं नाही, म्हणाले उद्यापासून या. बरं वाटलं, पण बायको म्हणते थांबा. कोण बरोबर?

वहिनी बरोबर.

डाउन सिंड्रोममध्ये मानेतल्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा काही जणांत सैल असतो, धक्का बसला तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी तपासून लेखी परवानगी दिल्याशिवाय घोड्यावर बसवायचंच नाही. चालण्यात अचानक फरक, हाताची पकड सैल होणं, मान दुखणं किंवा वाकडी धरणं, लघवीवरचा गेलेला ताबा, यातलं काही नव्याने दिसलं तर घोडा राहू दे बाजूला, आधी डॉक्टर गाठा.

कंट्रोलमध्ये नसलेल्या फिट्स, निखळलेला खुबा, सहज मोडणारी हाडं, कण्याला फार बाक, बसायच्या जागेवर उघडी जखम, यातलं काही असलं तरी चांगलं सेंटर आधी थांबवतं. माझं मत स्पष्ट आहे, जे सेंटर कधीच कोणाला नाही म्हणत नाही तिथे जाऊच नये.

प्रश्न : नातू पडला तर? मी आजी आहे, मला रात्री झोप येत नाही या विचाराने. त्याला पट्ट्याने बांधून ठेवतात का?

आजी, बांधत अजिबात नाहीत, आणि ते त्याच्या भल्यासाठीच. घोडा घसरला किंवा बसला तर बांधलेलं मूल त्याच्याखाली सापडेल. त्याऐवजी एक जण घोडा धरून पुढे चालतो आणि गरजेप्रमाणे दोन्ही बाजूंना एकेक जण मुलाच्या मांडीवर किंवा त्याच्या कमरेच्या (घोड्याला न बांधलेल्या) पट्ट्याला हात ठेवून चालतो, त्यांना साइड वॉकर म्हणतात. डोक्यावर हेल्मेट हवंच, आणि रिकीब अशी की पडताना पाय तिच्यात अडकणार नाही. धोका शून्य होतो असं मी म्हणणार नाही, घोडा शेवटी जनावर आहे, दचकू शकतो. तुम्ही एकदा जाऊन नुसतं कठड्याबाहेर उभं राहून बघून या, चढवताना-उतरवताना माणसं घाई करतायत का ते बघा, कारण सगळ्यात जपायची वेळ तीच.

प्रश्न : मुलगा 9 वर्षांचा, ऑटिझम आहे. त्याला शारीरिक काहीच अडचण नाही, मग घोड्याचा काय उपयोग? आणि तो डोक्याला हातही लावू देत नाही, हेल्मेट कसं घालणार?

2015 मध्ये अमेरिकेतला एक बऱ्यापैकी मोठा अभ्यास आला, 6 ते 16 वयाची 127 मुलं, 10 आठवडे. अर्धी मुलं घोडेस्वारी शिकली, बाकीची त्याच तबेल्यात घोड्यांबद्दल शिकली पण खरा घोडा नाही. स्वारीवाल्या मुलांमध्ये चिडचिड आणि अतिचंचलपणा कमी झाला, बोलण्यातले शब्दही वाढले. का होतं यावर बरेच तर्क आहेत. मला तरी वाटतं की घोडा सूचना लगेच आणि दरवेळी सारख्याच पद्धतीने पाळतो, "चल" म्हटलं की चालतो, हे या मुलांना माणसांपेक्षा सोपं जातं (आपण मोठी माणसं किती आडून बोलतो बघा!).

हेल्मेटचं म्हणाल तर ते आधी घरी आणा, आरशासमोर, टीव्ही बघताना, अर्धा मिनिट, मग एक मिनिट, असं करत करत. पहिले काही दिवस तो नुसता घोड्याला खरारा करेल, चारा घालेल, चढणारच नाही. चालतं. पण हेल्मेटशिवाय "आजच्या दिवस बसू दे" असं मात्र करायचं नाही.

प्रश्न : घोड्यासारखं हलणारं मशीन मिळतं म्हणे, ते घेऊ का?

मिळतं, आणि ज्यांना घोड्याची अ‍ॅलर्जी आहे किंवा खूप भीती आहे त्यांना तोलाच्या व्यायामासाठी बरं पडतं. पण फिजिओला न विचारता घरी आणू नका.

प्रश्न : मी 31 वर्षांची आहे, अपघातानंतर गुडघ्याखाली ताकद नाही. मला थेरपी नकोय, मला शिकायचंय, जमलं तर स्पर्धेतही उतरायचंय. हसू नका.

हसतंय कोण! डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना 1944 मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखाली पायात ताकद राहिली नाही, घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या चाली आणि हालचाली नेमकेपणाने करून घ्यायच्या) या प्रकारात त्यांनी पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्य पदक घेतलं, आणि 1956 ला पुन्हा एकदा. त्यांच्यामुळेच पुढे अपंगांसाठीच्या घोडेस्वारीला जोर आला.

आता तर 1996 पासून पॅरालिंपिकमध्ये पॅरा ड्रेसाज आहे. पाच ग्रेड असतात, ग्रेड एकमध्ये सगळ्यात जास्त अपंगत्व असलेले स्वार, त्यांना फक्त हळू चालीत घोडा चालवायचा असतो, वरच्या ग्रेडमध्ये दुडकी आणि पुढे दौड येते. पाय चालत नाहीत त्यांना चाबकाने इशारा द्यायला परवानगी मिळते, लगामात बदल करता येतात. तुम्ही डॉक्टरांकडून पाठीचं आणि कातडीचं तपासून घ्या, कारण पायाला संवेदना कमी असेल तर खोगिराने घासलेलं कळत नाही आणि जखम चिघळते. प्रत्येक वेळी उतरल्यावर आरशाने कातडी बघायची सवय लावा. आणि ट्रेनरला पहिल्याच दिवशी स्पर्धेचं सांगून टाका, म्हणजे तो तुम्हाला नुसत्या फेऱ्या मारत ठेवणार नाही.

प्रश्न : या सगळ्यात घोड्याचं काय? त्याला त्रास होत नाही का?

होऊ शकतो. एका बाजूला कलणारा, अचानक ओरडणारा, तोल न सांभाळता येणारा स्वार घोड्याच्या पाठीला जड जातो, तेही दिवसभर एकामागून एक. म्हणून घोड्याचे तास मर्यादित ठेवायचे, मध्ये मोकळं सोडायचं, आणि स्वार-खोगीर मिळून त्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार नको, त्यामुळे वजनदार मोठ्या माणसांना कधीकधी नाही म्हणावं लागतं. कान मागे पाडलेले, शेपटी सारखी झटकतोय, खोगीर आणलं की चावायला येतोय, असं दिसलं तर तो घोडा कंटाळलाय किंवा त्याला कुठेतरी दुखतंय. अशा घोड्यावर स्वतःही बसू नका, मुलालाही बसवू नका.