सत्तर हजारांच्या फरकावर ऑपरेशन ठरवू नका

दादा, नमस्कार. पोळ्याच्या आठवड्यात तुमचं पत्र मिळालं. इतर वाचकांना समजावं म्हणून आधी ते थोडक्यात मांडते.

उदगीरजवळ तुमचं कृषी सेवा केंद्र आहे. वय ४३, उंची पाच फूट सहा इंच, वजन ११८ किलो. सहा वर्षांपासून साखर आहे, गेल्या वर्षापासून इन्सुलिन सुरू झालं. रात्री आडवं झालं की घशाशी आंबट येतं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून गोळी आणून घेता. रुग्णालयाने वजनाच्या ऑपरेशनचे तीन आकडे दिलेत. स्लीव्हचे ३,२०,०००, मिनी बायपासचे ३,६०,००० आणि पूर्ण बायपासचे ३,९०,००० रुपये. लेक दहावीला आहे, पुढच्या जूनला तिला नीटच्या तयारीसाठी लातूरला ठेवायचंय आणि त्यासाठी चार लाखांची एफडी करून ठेवलीय. घरच्यांचा मिळून पाच लाखांचा आरोग्य विमा आहे, त्याला अडीच वर्षं झाली. तुम्ही विचारता, ‘सगळ्यात स्वस्त म्हणून स्लीव्ह दिवाळीआधी उरकून घेऊ का? आणि पैशासाठी एफडी मोडू, की १४ टक्क्यांनी तीन लाखांचं पर्सनल लोन काढू?’

माझं म्हणणं असं, की एफडी मोडू नका आणि लोनही काढू नका. डॉक्टर थांबायला हरकत नाही म्हणाले तर फेब्रुवारीपर्यंत थांबा. कोणतं ऑपरेशन हे मात्र दरपत्रकावरून नको, तुमच्या पोटाच्या तपासणीवरून ठरू द्या.

आधी लोनचा हिशेब. तीन लाख, १४ टक्के, तीन वर्षं. हप्ता साधारण १०,२५० रुपये आणि एकूण व्याज ६९,००० च्या आसपास. स्लीव्ह आणि पूर्ण बायपास यांच्यातला फरकही बरोबर ७०,००० आहे. म्हणजे स्वस्त ऑपरेशन निवडून जे वाचवाल, ते घाई केल्यामुळे बँकेला द्याल. तुमच्या पत्रातला हा भाग मी दोनदा वाचला, कारण ‘वाचवतो’ असं तुम्ही मनापासून लिहिलंय आणि हिशेबात तर काहीच वाचत नाही.

आता ऑपरेशनांबद्दल. मी डॉक्टर नाही. पण पैसे तिथेच जाणार असल्यामुळे एवढं समजून घेणं मला भाग आहे. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कायमचा कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. काढलेला भाग परत बसवता येत नाही. पूर्ण बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. मिनी बायपासमध्ये पिशवी जरा लांब असते आणि जोड दोनऐवजी एकच.

तुमच्या बाबतीत कळीचा मुद्दा आहे ते रात्रीचं आंबट पाणी. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर स्लीव्ह आणि बायपासची तुलना झाली आणि तिचे दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्के लोकांच्या अन्ननलिकेला आम्लामुळे सूज आलेली दिसली, बायपासवाल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. जादा वजनापैकी स्लीव्हने ४३.५ टक्के उतरलेलं टिकलं, बायपासने ५०.७ टक्के. वजनातला फरक फार नाही. अन्ननलिकेचा आहे. ज्याला आधीच आम्ल वर येतं त्याने स्लीव्ह केलं आणि त्रास वाढला, तर पुढे स्लीव्हचं बायपास करून घ्यावं लागू शकतं. ते दुसरं ऑपरेशन, दुसरं बिल आणि विमा कंपनीशी पुन्हा पहिल्यापासून पत्रव्यवहार. त्यापुढे सत्तर हजार काहीच नाहीत.

पण म्हणून ‘ताईंनी बायपास सांगितलं’ असं करू नका. गुडघ्यासाठी घेता त्या वेदनाशामक गोळ्यांनी बायपासच्या जोडावर जखम होऊ शकते. विडी-सिगारेटनेही होते. तुम्ही तंबाखूबद्दल काही लिहिलेलं नाही, पण डॉक्टरांना ते खरंखरं सांगा आणि गोळीचं नाव पाकिटासकट दाखवा. मिनी बायपास मधल्या किमतीत बसतं म्हणून सोयीचं वाटेल, पण त्यात आतड्यातलं पित्त वर येण्याचा त्रास काहींना होतो, आणि तुम्हाला तर आधीच घशाशी आंबट येतं. तेव्हा आधी एंडोस्कोपी करून घ्या. अन्ननलिकेची अवस्था आणि जठराचा वरचा भाग छातीत सरकलाय का, हे त्यात दिसेल. तो रिपोर्ट समोर ठेवून सर्जनना एकच प्रश्न विचारा, ‘पैशाचा विचार बाजूला ठेवला तर माझ्यासाठी यातलं कोणतं, आणि का?’ शक्य असेल तर हाच प्रश्न दुसऱ्या रुग्णालयातल्या सर्जनलाही विचारा.

वजन उतरवायला जठरात ठेवतात त्या फुग्याबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंय. तो साधारण सहा महिन्यांनी काढतात आणि नंतर वजन बऱ्याच जणांचं परत चढतं. तुमच्या वजनाला आणि साखरेला मी त्यावर पैसे घालणार नाही. वजन उतरवायच्या इंजेक्शनांचा विचार मात्र डॉक्टरांशी जरूर करा. मौंजारो हे त्यातलं एक मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा सुरुवातीच्या दोन डोसांचा महिन्याचा खर्च १४,००० ते १७,५०० रुपये पडत होता. त्या दराने दोन वर्षांत ऑपरेशनएवढे पैसे होतात. आणि सेमाग्लुटाइड या त्याच जातीच्या औषधावरच्या अभ्यासात ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे हा हप्ता न संपणारा आहे असं समजूनच हिशेब करायचा.

आता विमा. तुम्ही पाठवलेली पॉलिसीची पानं मी नीट वाचली, कारण तुमचे खरे पैसे तिथे आहेत. मधुमेह आणि वजनाचं ऑपरेशन या दोन्हींना ३६ महिन्यांची प्रतीक्षा आहे. ती फेब्रुवारीत संपते. दिवाळीआधी ऑपरेशन केलंत तर पूर्ण बिल तुमच्या खिशातून. सहा महिन्यांनी केलंत तर बहुतेक भार कंपनीवर. सहा महिने थांबण्याने तीन-साडेतीन लाख वाचणार असतील तर डॉक्टरांना स्पष्ट विचारायलाच हवं की एवढं थांबणं माझ्यासाठी सुरक्षित आहे का. ते नाही म्हणाले तर माझं सगळं गणित बाजूला ठेवा आणि त्यांचं ऐका. तशी वेळ आलीच तर एफडी न मोडता तिच्यावर कर्ज घ्या. व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त लागतं, १४ टक्क्यांपेक्षा खूप कमी. सोयाबीनचे पैसे आले की आधी ते फेडायचं.

विमा नियामकाने २०१९ मध्ये या ऑपरेशनसाठीच्या अटी सगळ्या कंपन्यांना सारख्या करून दिल्या. डॉक्टरांचा सल्ला हवा, वय १८ किंवा जास्त हवं आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ४० किंवा जास्त हवा. बीएमआय ३५ ते ४० मध्ये असेल तर हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडखळणं) किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह असा गंभीर आजार सोबत हवा, आणि साध्या उपायांनी वजन उतरलं नाही हेही दाखवावं लागतं. तुमचा बीएमआय आज ४२ आहे. सहा महिन्यांत पथ्याने वजन ११२ च्या खाली गेलं तर ४० ची रेषा ओलांडून तुम्ही दुसऱ्या अटीत याल. क्लेमसाठी वजन मुद्दाम धरून ठेवा असं मी कधीच सांगणार नाही. उतरत असेल तर उतरू द्या, भुलीच्या दृष्टीनेही ते बरंच. फक्त कागद जपा. आहारतज्ज्ञांच्या भेटींच्या चिठ्ठ्या, दर महिन्याचं वजन, एचबीए१सीचे (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे) रिपोर्ट, इन्सुलिनच्या डोसचे कागद, सगळं तारखेनिशी एका फायलीत. रात्री घोरत असाल तर झोपेची तपासणीही करून घ्या.

यात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती तुमच्या एका वाक्याची. ‘फॉर्म एजंटनेच भरला, मी फक्त सह्या केल्या.’ माझ्याकडे लातूरचे एक गृहस्थ आले होते, त्यांच्या फॉर्मवर खऱ्यापेक्षा वीस किलो कमी वजन लिहिलेलं होतं. मुद्दाम असेल किंवा नसेल, पण कंपनीने तेवढ्यावर क्लेम नाकारला आणि ते गृहस्थ वर्षभर पत्रं लिहीत बसले. तुम्ही आजच कंपनीकडे प्रपोजल फॉर्मची, म्हणजे विमा घेताना भरलेल्या त्या फॉर्मची, प्रत मागवा. मधुमेह लिहिलाय म्हणता, ते चांगलं झालं. वजनाचा रकाना बघा. चुकीचं असेल तर क्लेमच्या वेळी सापडण्याआधी तुम्ही स्वतः लेखी कळवा, ईमेलने, पोच ठेवून. प्रीमियम थोडा वाढवतील, कदाचित वादही घालतील, पण तो वाद आता झालेला बरा. ऑपरेशन टेबलाच्या आदल्या दिवशी नको.

खोलीभाड्याची मर्यादाही बघून घ्या. पॉलिसीत रोजचे ५,००० आहेत आणि रुग्णालयाने धरलेली खोली ७,५०० ची. फरक फक्त रोजच्या २,५०० चा पडत नाही. खोली मर्यादेबाहेरची असली की सर्जनची फी, ओटीचं भाडं असे खर्चही त्याच प्रमाणात कापतात, इथे एक तृतीयांश. दोन खाटांची खोली घ्या. रुग्णालयाकडून हेही लिहून घ्या की स्टेपलर (जठर कापून लगेच टाके घालणारं उपकरण) आणि त्याची कार्ट्रिज पॅकेजमध्ये आहेत का, कारण या ऑपरेशनात तो मोठा खर्च असतो, आणि गुंतागुंत होऊन मुक्काम वाढला तर दर काय. फेब्रुवारीतलं नूतनीकरण एक दिवसही चुकवू नका. विम्याची रक्कम आत्ता वाढवली तर वाढीव भागाला प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून लागते, तेव्हा या ऑपरेशनसाठी ती धरू नका.

फेब्रुवारी मला आणखी एका कारणाने पटतो. तुमचा धंदा मृगावर आणि रब्बीच्या पेरणीवर चालतो. फेब्रुवारी ते एप्रिल दुकान त्यामानाने निवांत. ऑपरेशननंतर महिना-दीड महिना जड उचलायचं नाही म्हणजे युरियाचं ४५ किलोचं पोतं तर लांबच राहिलं. दिवाळीआधी केलं असतं तर हरभऱ्याच्या हंगामात तुम्ही घरी पडून असता. शिवाय सहा लाखांची उधारी बाहेर आहे म्हणता. ती यायची वेळ म्हणजे सोयाबीन मोंढ्यात जाईल तेव्हाच, दसरा ते दिवाळी. यंदा उधारी मागताना संकोच करू नका. आलेल्या पैशातून जानेवारीअखेर दीड लाख वेगळे काढा. ७०,००० विमा कंपनी कापेल त्यासाठी, ३०,००० दुकानात दोन महिने ठेवायच्या माणसासाठी, आणि ५०,००० ला काही झालं तरच हात लावायचा. हे पैसे दुकानाच्या चालू खात्यात ठेवू नका, तिथे ते बियाण्याच्या बिलात जातील. घरच्यांच्या नावाने वेगळं बचत खातं काढा आणि खात्याची, पॉलिसीची, उधारीच्या वहीची माहिती त्यांना नीट दाखवून ठेवा.

ऑपरेशननंतरचा खर्च दरपत्रकात नसतो. जीवनसत्त्वं, कॅल्शियम, बी१२, लोह हे आयुष्यभर. पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी रक्ततपासणी, पुढे दरवर्षी. प्रोटीन पावडर धरून महिन्याला दीड ते दोन हजार मी मांडते. बायपासमध्ये या गोळ्या सोडल्या तर कमतरता लवकर आणि जास्त येते, म्हणून ज्याला रोज गोळी घेणं जमत नाही त्याने हेही सर्जनला सांगावं. जेवण अगदी थोडं आणि सावकाश. बायपासनंतर पुरणपोळी किंवा गुळाचा गोड चहा पोटात गेला की काहींना घाम, धडधड, जुलाब होतात. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. आणि वजन उतरल्यावर लोंबणारी कातडी काढायचं ऑपरेशन विमा सहसा सौंदर्योपचार मानतो. ते पैसे मिळणार नाहीत.

साखरेवर आज महिन्याला ४,५०० जातात, ते वाचतील असं धरून तुम्ही हप्ता बसवला होता. तो आकडा खोडा. फिनलंडच्या त्याच अभ्यासात दहा वर्षांनी मधुमेह मागे हटलेला होता तो बायपासच्या ३३ आणि स्लीव्हच्या २६ टक्के रुग्णांत, आणि इन्सुलिन सुरू असणाऱ्यांना ही शक्यता त्याहून कमी असते. औषध कमी झालं तर आनंदच आहे, पण त्या आनंदावर कर्ज काढू नका.

हैदराबादला तुमचे मेहुणे राहतात आणि तिथे स्वस्तात होईल म्हणतात. तिथेही दाखवा. पण तपासणीला पहिल्या वर्षी निदान चार-पाच फेऱ्या होतील आणि रात्री-अपरात्री उलटी थांबली नाही तर कुठे जायचं, हे आधी ठरवा.

लेकीची एफडी जूनपर्यंत तशीच राहू द्या. प्रपोजल फॉर्मची प्रत हातात आली की वजनाच्या रकान्यातला आकडा मला कळवा. तो चुकलेला निघाला तर कंपनीला द्यायच्या पत्राचा मसुदा मी करून पाठवते.