सीटखालचं जॅकेट आणि वीस मीटरचा दोर

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात उतरल्या की हौशी बोटवाल्यांची पत्रं यायला लागतात. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न असतो: इंजिन किती हॉर्सपॉवरचं घेऊ? ती पत्रं बाजूला ठेवली आहेत. इंजिन बंद पडल्यावर काय करायचं, असं विचारणारी आधी.

माझी २१ फुटी आउटबोर्ड (मागे बाहेर इंजिन लावलेली) बोट मांडव्याला असते. सीटखाली आठ लाइफ जॅकेट आहेत, पण पाहुणे घालत नाहीत. उकडतं, फोटो चांगले येत नाहीत म्हणतात. सक्ती करावी का? (ठाणे)

करावी. बोट तुमची, चावी तुमच्या हातात. सगळ्यांचे पट्टे लागेपर्यंत ती फिरवू नका. १८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची इंजिन-चाचणीवर असलेली स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर आदळली आणि १५ माणसं गेली. हे घडलं दिवसाउजेडी, मुंबई बंदरात. टक्कर होते तेव्हा सीट उचलून जॅकेट शोधायला कुणालाच सवड मिळत नाही, आणि पाण्यात पडल्यावर ते अंगात चढवणं पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जड जातं.

आता कोणतं घ्यायचं ते. जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो. ५० चं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, तेही किनाऱ्यालगत आणि मदत जवळ असताना; शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड ते पाण्यावर ठेवेलच असं नाही. खाडीत, बंदराच्या शांत पाण्यात १०० चालतं. उघड्या समुद्रात जायचं तर १५०. उकाड्याची तक्रार करणाऱ्यांसाठी गॅसच्या नळकांडीवर फुगणारी, गळपट्ट्यासारखी जॅकेट मिळतात. मात्र आपोआप फुगणाऱ्या प्रकारातला पाण्याने विरघळणारा भाग मुदतीत बदलावा लागतो. नळकांडी दर हंगामात फिरवून बाहेर काढा. तोंडाला भोक पडलेलं असेल किंवा गंज धरला असेल तर ती टाकून द्या. पोहता न येणाऱ्यांना आणि मुलांना साधं फोमचंच द्या, मांड्यांमधून जाणाऱ्या पट्ट्यासकट. मुलाला घातल्यावर खांद्यांना धरून जॅकेट वर ओढून बघा. कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. ‘वाढत्या अंगाचं घेऊ, दोन वर्षं पुरेल’ हा गणवेशाचा हिशेब इथे लावू नका.

बोट चालवताना आमचे हे ती लाल गुंडाळीची दोरी नुसती कन्सोलला लटकवून ठेवतात. मनगटाला अडकवली की वळताना ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं, असं त्यांचं म्हणणं. बरोबर कोण? (अलिबाग)

तुम्ही. चालवणारा फेकला गेला की इंजिन बंद व्हावं, एवढ्यासाठीच ती दोरी आहे. सुकाणू सोडलेली आउटबोर्ड बोट सहसा सरळ निघून जात नाही, गोल फिरते, आणि त्या फेऱ्यात पाण्यात पडलेल्या माणसावरच परत येऊ शकते. पुढे पंख्याने काय होतं ते लिहीत नाही. अमेरिकेत २६ फुटांखालच्या बहुतेक मोटारबोटींना वेगात असताना ही दोरी किंवा तिचा बिनतारी प्रकार वापरणं १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचं आहे. आपल्याकडे कुणी विचारत नाही, म्हणून बायकोने विचारायचं.

त्यांची तक्रार खोटी नाही, पण उपाय सोपा आहे: मनगटाऐवजी मांडीला किंवा जॅकेटच्या कडीला अडकवा. दुसरी दोरी बोटीवर ठेवा आणि ती कुठे आहे ते तुम्हालाही ठाऊक असू द्या. ते पाण्यात पडले तर पहिली दोरी त्यांच्याबरोबर जाईल आणि इंजिन तुम्हाला सुरू करावं लागेल.

४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड आहे. पावसाळ्यात बोट शाकारून ठेवली, आता इंजिन धक्के देतं, मध्येच गुदमरतं. मेकॅनिक म्हणतो पेट्रोल खराब. बंद टाकीतलं पेट्रोल खराब कसं होईल? (मालवण)

होतं, आणि हल्ली लवकर होतं. पंपावर आता सर्रास ई-२० मिळतं, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि जून ते ऑगस्ट मालवणच्या हवेत दुसरं असतं काय? टाकीच्या श्वासछिद्रातून ओलावा आत जातो. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. इंजिनाला जाणारी नळीही तळातूनच ओढते, म्हणजे पहिला घोट त्या मिश्रणाचा. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घटलेला असतो तो वेगळाच.

इंजिनाचं पुस्तक काढून बघा. बहुतेक आउटबोर्ड कंपन्या १० टक्के इथेनॉलपर्यंतच मान्यता देतात. जास्त झालं की जुन्या रबरी नळ्या आणि प्रायमरचा (हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा) फुगा मऊ पडतात, चिरतात, आणि कार्बोरेटरच्या इंजिनात हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होऊन इंजिन नको तितकं तापतं. इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळालं तर उत्तमच. नसेल तर टाकी आणि इंजिन यांच्या मध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा, तळाला पारदर्शक वाटी असलेला. वाटीत थर दिसला की काढून टाकता येतो. नळ्यांवर दर हंगामात हाताचं बोट फिरवून बघा. चिकट लागली की बदला.

आताच्या टाकीतलं पेट्रोल इंजिनात घालू नका. वर तरंगणारं चांगलं असेल म्हणून गाळून वापरायचा मोहही आवरा. बाटलीतलं स्टॅबिलायझर ताजं पेट्रोल टिकवतं, वेगळं झालेलं पुन्हा एक करत नाही. पुढच्या मे अखेरीला हातटाकी रिकामी करा, इंजिन गोड्या पाण्यावर चालवून धुवा, पेट्रोलची नळी काढा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या.

किहीमसमोर सकाळी नऊला नांगर टाकला. पाणी तीन मीटर, दोर वीस मीटर सोडला. दोनच्या सुमारास जेवून आलो तर बोट शंभर मीटर सरकलेली. नांगर खराब की तळ? (पुणे)

दोन्ही नाहीत, तिथी! तुम्ही लिहिलंय की अमावास्या होऊन तीन दिवस झाले होते. कोळीवाड्यात कुणालाही विचारा, तिथीला पाऊणपट केली की मुंबईच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. तृतीया म्हणजे सव्वादोन. तुम्ही नांगर टाकलात ओहोटीच्या तळाजवळ, जेवलात भरती चढत असताना, तीही उधाणाची. त्या दिवसांत इकडे पाणी साडेतीन-चार मीटर चढतं.

दोराचा हिशेब पाण्याच्या खोलीवर नाही, तळापासून नाळेपर्यंतच्या (बोटीच्या पुढच्या टोकापर्यंतच्या) उंचीवर करायचा, तोही भरतीच्या वेळचा. नऊला तीन मीटर पाणी अधिक एक मीटर नाळ म्हणजे चार. वीस मीटर दोर पाचपट झाला, ठीक. दोनला तीच उंची आठ मीटर. दोर उरला अडीचपट, ओढ वरच्या दिशेने बसायला लागली आणि नांगर सुटला. जेवणापुरतं, शांत पाण्यात पाचपट चालतं, म्हणजे चाळीस मीटर. रात्र काढायची किंवा वारा असेल तर सातपट, म्हणजे छप्पन्न. भांगाच्या भरतीला (अष्टमीच्या आसपासच्या, कमी चढणाऱ्या) इतका फरक पडत नाही, आणि मालवण-गोव्याकडे पाण्याची चढ-उतार मुळातच साधारण निम्मी. तिथे कमी दोरात निभावतं म्हणून लोकांना तीच सवय लागते आणि मग ते किहीमला येतात.

नांगराजवळ निदान बोटीच्या लांबीएवढी साखळी हवी, पुढे नायलॉनचा दोर. नायलॉन ताणला जातो, झटके खातो. स्वस्तातला प्लॅस्टिकचा दोर पाण्यावर तरंगतो आणि पंख्यात जातो. चार हुकांचा नांगर खडकात ठीक. वाळूत आणि गाळात रुंद पात्यांचा डॅनफोर्थ जास्त चांगला धरतो. बोट मागच्या बाजूने कधीही नांगरू नका, लाट थेट आत येते. आणि उतरण्याआधी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, एखादा माड आणि त्यामागचं छप्पर. दहा मिनिटांनी पुन्हा बघा.

मांडव्यापर्यंत मोबाइलला रेंज असते. मग व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ संच) कशाला? अमेरिकेतला भाऊ छोटं सॅटेलाइट मेसेंजर आणतो म्हणतोय, ते घेऊ का? (मुंबई)

भावाला नको म्हणून आजच कळवा. सॅटेलाइट फोन आणि तसली संदेशयंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे, आणि विमानतळावर परदेशी पर्यटकांनाही त्यापायी अडकावं लागलं आहे.

मोबाइल ठेवा, जलरोधक पिशवीत, आणि त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आधीच भरून ठेवा. पण फोन एकालाच लागतो. व्हीएचएफच्या १६ नंबरच्या चॅनेलवर तुमची हाक आसपासची सगळी जहाजं ऐकतात, आणि पहिली मदत बहुतेक वेळा त्यांच्याकडूनच येते. या संचालाही परवाना लागतो, तो काढा. हातातला संच घेतलात तर त्याचा पल्ला काही मैलांचाच, कारण या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात. अँटेना जितकी उंच तितकं बरं. संकटात ‘मेडे’ तीनदा, बोटीचं नाव, ठिकाण, काय झालं, माणसं किती, या क्रमाने बोला. हे कागदावर लिहून संचाशेजारी चिकटवा. घाबरलेला पाहुणा वाचून दाखवू शकतो.

पेट्रोलवरची इनबोर्ड (इंजिन आत असलेली) बोट आहे. अल्टरनेटर गेला. मेकॅनिक गाडीचा बसवतो म्हणतो, निम्म्या किमतीत. (पणजी)

नको. बोटीसाठी बनवलेल्या अल्टरनेटरची आणि स्टार्टरची ठिणगी बाहेर पडू नये अशी रचना असते, गाडीच्या भागांत ती नसते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साठून राहते. इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर (वाफ बाहेर फेकणारा पंखा) किमान चार मिनिटं चालवा, शिवाय झाकण उघडून नाकाने खात्री करा.

मुदत संपलेल्या लाल फ्लेअर (संकटाची खूण देणाऱ्या नळ्या) दिवाळीत उडवल्या तर चालतील का? (रत्नागिरी)

चालणार नाहीत. समुद्रकिनारी लाल फ्लेअर दिसली की कुणीतरी संकटात आहे असं समजून शोध सुरू होऊ शकतो. शिवाय हातात धरायच्या फ्लेअरमधून वितळलेला निखारा गळतो, मुलांच्या हातात ती देणं म्हणजे भाजण्याला आमंत्रण. जिथून घेतल्या त्या विक्रेत्याला परत घेण्याबद्दल विचारा, आणि नव्या घेताना मुदत डब्यावर नाही, प्रत्येक नळीवर वाचा.