भीमबेटक्याची चित्रं : भित्तिचित्र, गुहाचित्र की शैलचित्र?

प्रश्न असा आला आहे : एका सहलीच्या माहितीपत्रकात ‘भीमबेटकाच्या गुहांमधील आदिमानवाची भित्तिचित्रे’ असं छापलंय. (भीमबेटका हे मध्य प्रदेशातलं ठिकाण.) अजिंठ्याच्या चित्रांनाही आपण भित्तिचित्रंच म्हणतो. मग दोन्हीकडे एकच शब्द चालेल का?

माझ्या मते नाही. भित्तिचित्राला आधी भिंत लागते. अजिंठ्यात डोंगर कोरून भिंत काढली, तिच्यावर मातीचा गिलावा चढवला, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग रंगकाम झालं. भीमबेटक्याला यातलं काहीच नाही. विंध्याचा वालुकाश्म जसा आहे तसा, आणि त्यावर थेट गेरू किंवा पांढरा रंग. म्हणून शैलचित्र. ‘शैल म्हणजे डोंगर, मग हे डोंगराचं चित्र का?’ असा आक्षेप काहीजण घेतात. पण शैल हा शब्द शिलेवरूनच आलेला आहे, तेव्हा चिंता नको.

गुहाचित्र अगदीच चूक नाही. मात्र तो शब्द फ्रान्समधल्या लास्कोसारख्या जागी जास्त शोभतो. तिथली चित्रं खरोखर जमिनीच्या पोटात, दिवा नेल्याशिवाय दिसणार नाहीत अशी आहेत. भीमबेटक्यात बहुतेक ठिकाणी पुढे झुकलेल्या कड्याखालचा उजेडाचा आडोसाच आहे. त्याला अभ्यासक शैलाश्रय म्हणतात.

माहितीपत्रकातला मला जास्त खटकणारा शब्द ‘आदिमानव’. पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये ही जागा अभ्यासकांपुढे आणली; पुढे १९७०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनेही तिथे उत्खनन केलं. तिथली सर्वांत जुनी चित्रं साधारणपणे मध्याश्मयुगातली, म्हणजे सुमारे दहा हजार वर्षांच्या आतबाहेरची मानतात. ती काढणारी माणसं शरीराने आणि डोक्याने तुमच्याआमच्यासारखीच होती. चित्रं नीट पाहा : टोळीने केलेली शिकार, हातात दातेरी टोकाचे भाले आणि धनुष्यबाण. याच शैलाश्रयांच्या मातीत गारगोटीची बोटाच्या पेराएवढी पातीही सापडतात. अशी पाती काठीत ओळीने बसवली की दातेरी हत्यार तयार! चित्र आणि खणती इतकी जुळते, हे विरळाच. जवळच्या पचमढीत तर मध काढण्याची चित्रं आहेत. ‘आदिमानव’ म्हटलं की डोळ्यांसमोर येणारा केसाळ, गुरगुरणारा प्राणी यात कुठे बसतो?

‘प्रागैतिहासिक’ हेही सरसकट लावू नये. एकाच खडकावर जुन्या चित्रांवर नवी चढलेली दिसतात, आणि उशिराच्या थरात घोडेस्वार, ढाल-तलवारी, हत्तीवरचे स्वार येतात. ती सगळी ऐतिहासिक काळातली.

कोकणातल्या सड्यांवरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवरच्या आकृत्यांना कुणी शैलचित्रं म्हणतं, तेव्हा मी अडतो. तिथे रंग नाही. जांभ्यात खोदकाम आहे. कातळशिल्प हा तिकडे रुळलेला शब्द चोख आहे, तोच ठेवावा.

आता उरलं ‘भीमबेटकाच्या’. कलकत्ता–कलकत्त्याच्या, आग्रा–आग्र्याच्या, तसं भीमबेटका–भीमबेटक्याच्या. सामान्यरूप न करता नाव तसंच ठेवायची हल्लीची सवय मला तरी पसंत नाही. थोडक्यात, माहितीपत्रकात ‘भीमबेटक्याच्या शैलाश्रयांतील चित्रे’ एवढं पुरलं असतं.