या ११ मिनिटांचं करू काय?

प्रश्न : नमस्कार. मी डोंबिवली पूर्वेला राहतो, ऑफिस अंधेरीत चकाला मेट्रो स्टेशनजवळ. शेअर रिक्षाने स्टेशन, फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो आणि शेवटी थोडं चालणं असा रोजचा प्रवास. मस्टर १० चं, आणि तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापतात. म्हणून वीस दिवस वहीत प्रत्येक टप्प्याची वेळ लिहून ठेवली, एकूण सरासरी ९५ मिनिटं आली. मी ८.१५ ला निघतो, म्हणजे हातात १०५ मिनिटं, तरी वीस दिवसांत ४ लेट मार्क! मुलगी अकरावीला आहे, ती म्हणाली बाबा नुसत्या सरासरीने काही कळणार नाही, स्टँडर्ड डेव्हिएशन काढा. काढलं, ११ आलं. आता या ११ मिनिटांचं करू काय? लोकल काही माझ्या हातात नाही. (डोंबिवलीचे एक वाचक)

उत्तर : मुलगी हुशार आहे तुमची. आणि वही टप्प्याटप्प्याने लिहिलीत हे फार बरं केलंत, नाहीतर लोक फक्त घर सोडल्याची आणि ऑफिसला टेकल्याची वेळ लिहितात आणि मग खापर कशावर फोडायचं ते कळत नाही, म्हणून सगळं लोकलवर फोडून मोकळे होतात.

स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे मुलीच्या पुस्तकातलं प्रमाण विचलन, एवढंच सांगतं की रोजची वेळ सरासरीच्या आजूबाजूला साधारण किती हेलकावे खाते. तुमची ९५ ची सरासरी आणि ११ चा हेलकावा, आणि तुम्ही जादा ठेवलीत १० मिनिटं, म्हणजे एक डेव्हिएशनसुद्धा पूर्ण नाही. त्यात वीसात चारदा उशीर होणारच, यात नशीब वगैरे काही नाही.

आता सोपा उपाय म्हणजे अजून लवकर निघा. पण तो उपाय सांगायला मी कशाला हवा, तुमची बायकोच सांगत असेल. आपण ते ११ कुठून येतात ते शोधू.

तुमच्या वहीतला पहिल्या आठवड्याचा नुसता रिक्षाचा रकाना बघा, दारातून निघून स्टेशनच्या जिन्यापर्यंत: सोमवार ३१, मंगळवार ९, बुधवार १७, गुरुवार ९, शुक्रवार १९. सरासरी १७. सोमवारी सरासरीपेक्षा १४ जास्त, मंगळवारी ८ कमी, बुधवारी बरोबर १७, गुरुवारी परत ८ कमी, शुक्रवारी २ जास्त. यांचे वर्ग १९६, ६४, ०, ६४, ४, बेरीज ३२८, पाच दिवसांतून एक कमी करून (का ते शेवटच्या उत्तरात) चाराने भागले की ८२, वर्गमूळ ९ च्या जरासं वर. एकट्या सोमवारच्या रांगेने ३२८ मधले १९६ खाल्ले बघा, वर्ग करण्याची हीच तर गंमत आहे, थोडा उशीर माफ होतो आणि मोठा उशीर व्याजासकट डोक्यावर बसतो.

वीसही दिवस धरून चारही टप्प्यांचं तसंच काढलं. रिक्षा सरासरी १७, डेव्हिएशन ९. प्लॅटफॉर्मवर थांबणं अधिक लोकल सरासरी ४६, डेव्हिएशन ५. घाटकोपरचा जिना, चेकिंगची रांग आणि मेट्रो मिळून २४, डेव्हिएशन ४. शेवटचं चालणं ८, डेव्हिएशन १.

इथे बहुतेक जण चुकतात, ९ + ५ + ४ + १ करून १९ म्हणतात. सरासऱ्यांची सरळ बेरीज होते, डेव्हिएशनची होत नाही. त्यांचे वर्ग करायचे आणि वर्गांची बेरीज करायची: ८१ + २५ + १६ + १ = १२३, त्याचं वर्गमूळ ११. तुमचे ते ११ हेच. आणि १२३ मधले ८१ एकट्या रिक्षाचे, म्हणजे दोन तृतीयांश!

आता समजा मध्य रेल्वेने तुमच्यासाठी चमत्कार केला आणि तुमची लोकल रोज घड्याळाच्या काट्यावर धावायला लागली, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. १२३ मधून २५ गेले, राहिले ९८, वर्गमूळ ९.९. एवढा चमत्कार होऊन ११ चे १० झाले फक्त! आणि रिक्षा सोडून चालत गेलात तर? तुम्हीच खाली लिहिलंय की एकदा रिक्षांचा संप होता तेव्हा चालत १८ मिनिटं लागली. चालण्यात फार तर मिनिटभर इकडे तिकडे होतं, म्हणून ८१ च्या जागी १ धरा: १ + २५ + १६ + १ = ४३, वर्गमूळ साडेसहा. सरासरी ९५ ची ९६ होते, पण हेलकावा ११ वरून साडेसहावर येतो. ८.१३ ला निघून चालत गेलात तर वीसात साधारण एकदा उशीर होईल, रिक्षाने तेवढंच साधायचं असेल तर ८.०७ च्या आसपास निघावं लागेल. रिक्षा आपल्याला फास्ट वाटते कारण ते ९ मिनिटांचे दिवस डोक्यात राहतात, रांगेत उभे राहिलेले दिवस आपण “आज काय झालं होतं कुणास ठाऊक” म्हणून सोडून देतो.

ही वर्गांची बेरीज चालते कारण सकाळी तुम्हाला एक फास्ट चुकली तर थोड्याच वेळात दुसरी मिळते, म्हणजे एका टप्प्याचा उशीर पुढच्या टप्प्याला फारसा वाढवत नाही. ज्यांचं ठरलेल्या एकाच गाडीवर सगळं गणित आहे, ग्रुप आहे, जागा धरून ठेवतात वगैरे, त्यांची रिक्षा ४ मिनिटं लेट झाली की पुढे पाव तास जाऊ शकतो, तिथे हा हिशोब असा सरळ लागत नाही.

लोकल तुमच्या हातात नाही हे अर्धंच खरं. कर्जत, कसाऱ्याहून येणारी गाडी वाटेतला उशीर घेऊन डोंबिवलीला येते, डोंबिवलीहून सुटणारी गाडी निदान तेवढं ओझं घेऊन निघत नाही. दोन्हींचे रकाने वेगळे करून बघा. रेल्वेने फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू केली तीही याच जातीची गोष्ट, मेल-एक्सप्रेसच्या उशिराचा धक्का लोकलला कमी बसावा म्हणून.

पावसाळ्याचे दिवस मात्र वेगळ्या पानावर लिहा. जूनमध्ये छत्री धरून चिखलातून १८ मिनिटांत पोचाल असं मी छातीठोक सांगणार नाही.

प्रश्न : मीही अशीच वही लिहिते. मध्ये एक दिवस ओव्हरहेड वायर तुटली आणि घरून ऑफिसला ३ तास २० मिनिटं लागली. तो दिवस धरायचा का सोडायचा? (बदलापूरच्या वाचक)

उत्तर : वहीत ठेवा, हिशोबात वेगळा काढा. वरच्याच वाचकांच्या वहीत २०० मिनिटांचा एकविसावा दिवस टाकून बघितला, सरासरी ९५ ची १०० झाली पण डेव्हिएशन ११ वरून थेट २५! त्या २५ वर विश्वास ठेवला तर रोज आणखी अर्धा तास लवकर निघावं लागेल, आणि वायर तुटलेल्या दिवशी त्याचाही उपयोग होणार नाही.

वॉल्टर श्युहार्ट नावाचा इंजिनियर १९२४ मध्ये अमेरिकेत टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये होता, त्याने कंट्रोल चार्टची, म्हणजे रोजचे आकडे मर्यादेच्या रेषांसकट मांडणाऱ्या आलेखाची, कल्पना मांडली ती याच कामासाठी: रोजचा बारीकसारीक फरक एकीकडे आणि काहीतरी वेगळंच घडल्यामुळे आलेला फरक दुसरीकडे. पहिल्यासाठी पद्धत बदलायची, दुसऱ्यासाठी कारण शोधायचं. तुमचं कारण तर समोरच आहे, त्या दिवशी साहेबांना फोन करायचा.

फक्त एक करा, “वेगळे दिवस” महिन्यात चार-पाच व्हायला लागले तर ते वेगळे राहिले नाहीत, त्यांना मुकाट हिशोबात घ्या. गाडीत गर्दी होती म्हणून चढता आलं नाही हा तर वेगळा दिवस नव्हेच.

प्रश्न : एक्सेलमध्ये स्टँडर्ड डेव्हिएशनसाठी एसटीडीईव्ही डॉट एस आणि डॉट पी असे दोन फॉर्म्युले दिसतात. मी एस म्हणते, नवरा पी म्हणतो. कोण बरोबर? (पुण्याच्या वाचक)

उत्तर : तुम्ही. एस वाला एक कमी करून भागतो, पी वाला जेवढे आकडे तेवढ्याने. तुम्ही लिहिलेले दिवस हा पुढच्या सगळ्या दिवसांचा नमुना आहे म्हणून एस. वरच्या रिक्षाच्या पाच दिवसांना एस ने ९.१ येतं आणि पी ने ८.१, म्हणजे आकडे थोडे असले की फरक पडतो. वीस दिवस झाले की ११ च्या जागी १०.७ येईल, तेवढ्यासाठी घरात भांडण नको.