माउल, मुंट आणि आपलं तोंड

प्रश्न असा आहे: जर्मनमध्ये तोंडाला 'मुंट' म्हणतात, मग कुत्र्याच्या मुसक्याला 'माउलकोर्प' का? आणि खेचराच्या 'माउलटीअर' या नावातही तोंडच आहे का?

'मुंट' माणसाचं, 'माउल' जनावराचं. गाय, घोडा, मासा, बेडूक, सगळ्यांना माउल. माउलकोर्प म्हणजे शब्दशः तोंडाची टोपली. मळणीच्या बैलाला आपण जाळीचं मुसकं बांधतो तेच. ही वाटणी खाण्यातही आहे. माणूस 'एसन' करतो, जनावर 'फ्रेसन'. माणसाला फ्रेसन लावलं की आपल्या 'गिळ आता'चा सूर येतो, आणि 'हाल्ट्स माउल' म्हणजे सरळ 'थोबाड बंद कर'.

ही वाटणी किती पक्की आहे ते रोगांच्या नावांत दिसतं. गुरांच्या लाळ्या-खुरकुताला जर्मनमध्ये 'माउल-उंट-क्लाउएनझॉयखं' म्हणतात, म्हणजे माउल आणि खुरांची साथ. जानेवारी 2025 मध्ये ब्रांडेनबुर्गमधल्या पाणम्हशींत तो सापडला, तेव्हा 1988 नंतर प्रथमच तो जर्मनीत आढळला होता. लहान मुलांना हाता-पायांवर आणि तोंडात फोड येतात तो आजार वेगळा. त्याच्या जर्मन नावात मात्र 'मुंट' आहे. इंग्रजीत दोन्हीकडे 'माउथ' असल्याने आईबाप घाबरतात. जर्मनमध्ये एका शब्दावरून कळतं की हे गोठ्यातलं नाही.

तरी माउल ही नेहमी शिवीच होती असं समजू नका. मार्टिन ल्यूथरने 1530 साली भाषांतराविषयी लिहिलेल्या पत्रात सांगितलंय की घरातल्या आईला, गल्लीतल्या पोरांना, बाजारातल्या साध्या माणसाला विचारा, ते कसं बोलतात ते त्यांच्या 'माउल'कडे बघून शिका. त्यात तुच्छता नाही, उलट केवढा आदर आहे!

आता खेचर. माउलटीअरमधला माउल लॅटिन 'मूलुस'वरून आला, त्याचा अर्थच खेचर. तुतीच्या फळाला 'माउलबेरं' म्हणतात, त्यातला माउल लॅटिन 'मोरुम'चा, म्हणजे तुतीचाच. जमीन पोखरून ढिगारे करणाऱ्या मोलला 'माउलवुर्फ' म्हणतात, पण तो तोंडाने माती फेकतो म्हणून नव्हे. जुन्या जर्मनमध्ये त्याच्या नावाचा अर्थ 'ढीग फेकणारा' असा होता. ढिगाचा जुना शब्द विसरला गेला आणि लोकांनी ओळखीचा माउल तिथे बसवला. तिन्ही नावांत तोंड नाही.

मला यातली खरी गंमत मराठीच्या बाजूला वाटते. आपलं 'तोंड' संस्कृत 'तुण्ड'वरून आलं, आणि तुण्ड म्हणजे चोच, सोंड, जनावराचं पुढे आलेलं मुस्कट. 'वक्रतुंड' म्हणताना आपण सोंडेबद्दलच बोलत असतो. जर्मनने जनावराचा शब्द माणसापासून राखून वेगळा ठेवला, आपण तोच घरात घेतला. बाळाचं तोंड पुसतो, सुनेचं तोंड बघतो, पेढा देऊन तोंड गोड करतो. मग रागावायला वेगळे शब्द हवेतच, म्हणून थोबाड आणि मुस्काट.